केळं घातलेला आसाई

मी आयुष्यात कधी दुकान काढलं नाही. काढावं असं मनातही आलं नाही. एकोणतीस वर्षं मी ब्राझीलमधल्या बेलेमच्या एका नोंदणी कार्यालयात बसून लोकांच्या सह्या खऱ्या आहेत की नाहीत ते बघतो आणि शिक्का मारतो. या कामाला धाडस लागत नाही, चष्मा लागतो. तरीही गेल्या ऑगस्टमध्ये आठ दिवस सरकारदरबारी माझ्या नावावर आसाईचं एक दुकान होतं, आणि ते बंद करून घेण्यासाठी मला जो कागद दाखल करावा लागला, तो आजही आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत पाठ म्हणून दाखवतात.

सुरुवात सूनबाईंपासून झाली, पण दोष तिचा नाही हे आधीच सांगून टाकतो. आमचा लुसियो साओ पाउलोला नोकरी करतो. तिथेच त्याने विवियानशी लग्न केलं, आणि आम्ही ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. आता ती पहिल्यांदाच सासरी येणार होती. लुसियोची रजा ऐनवेळी रद्द झाली, म्हणून पोरगी एकटीच आली. "बाबा, तिला परकं वाटू देऊ नका," एवढं त्याने मला चार वेळा बजावलं. विवियान आहारतज्ज्ञ आहे हे त्याने एकदाच सांगितलं, तेही फोन ठेवता ठेवता. घरात डॉक्टर आला तर माणूस आजार लपवतो. आहारतज्ज्ञ आली की ताट कुठे लपवायचं ते सुचत नाही.

पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे अकरा वाजता ओर्लांदिनाकडे गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं दुकान आहे. दारावर लाल फडकं, आत आसाईची, म्हणजे आमच्याकडच्या ताडाची जांभळी फळं घुसळून रस काढणारं यंत्र, आणि यंत्रामागे ओर्लांदिना. पाणी जास्त घातलं की आसाई पातळ होतो, थोडं कमी घातलं की मध्यम, आणि अगदी हात आखडून घातलं की दाट. दाट रोज फार थोडा निघतो. गल्लीत फक्त चार माणसांसाठी तो न सांगता बाजूला ठेवला जातो: पाद्रीबाबा, सुईणबाई, निवृत्त सार्जंट आणि मी. बावीस वर्षं ओर्लांदिना मला पाहिलं की म्हणते, "वाल्देमीरराव, तुमचा दाट ठेवलाय." लोकांना बढती मिळते, पदकं मिळतात. मला हे मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पुरत होतं.

तर जेवायला बसलो. वाडग्यात थंडगार जांभळा आसाई, त्यावर शाबूकंदाच्या भाजलेल्या कण्या, बाजूला तळलेला मासा. विवियानने वाडग्यात डोकावून पाहिलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "आणि केळं?"

माझी बायको झासीरा हिने हातातला चमचा खाली ठेवला. कुणाच्या घरी वाईट बातमी आली की तिचा चेहरा असा होतो.

विवियानने मग समजावून सांगितलं. त्यांच्याकडे आसाई गोठवतात, मग मिक्सरमधून केळ्याबरोबर फिरवतात, त्यात ग्वाराना नावाच्या फळाचा गोड पाक, वर ग्रॅनोला, मध आणि दुधाची भुकटी. व्यायाम झाला की लोक ते खातात.

"मग मासा कशाबरोबर खाता?" मी विचारलं.

"मासा?" ती म्हणाली.

दोघांनीही हा विषय तिथेच सोडला. पण तिने पिशवीतून एक छोटा वजनकाटा काढला आणि माझी कण्यांची वाटी त्यावर ठेवली. "सासरेबुवा, हे चार पावांइतकं झालं," ती म्हणाली. "आसाई उत्तमच आहे हो. त्यात अँटीऑक्सिडंट आहेत, पेशी म्हाताऱ्या होत नाहीत. पण तुम्ही त्यावर हे पीठ घालता, वर तळण खाता आणि मग झोपता." अठ्ठावन्न वर्षं मी रोज अँटीऑक्सिडंट पीत होतो हे मला त्या दिवशी कळलं. मग माझे केस कुठे गेले, हा प्रश्न मी, ती पाहुणी म्हणून, विचारला नाही. लुसियोचं बजावणं आठवलं आणि मी म्हणून गेलो, "उद्या तुझ्या पद्धतीचा करू."

गोठलेला आसाई म्हणजे फरशी असते. आमच्या मिक्सरला तेव्हा सोळावं वर्ष होतं. त्याने एकदा कण्हल्यासारखा आवाज केला, झाकण उडालं आणि छत जांभळं झालं. त्या आवाजाने शेजारचे एवारिस्तो आले. चाळीस वर्षं नदीवर बोट चालवल्यामुळे जमिनीवरच्या प्रत्येक विषयात त्यांचा शब्द अखेरचा असतो.

"केळं?" ते म्हणाले. "वाल्देमीर, आसाईवर केळं पडलं की पोटात सिमेंट होतं. माझा मामा गेला त्याने."

मामा बोटीवरून पडून गेला हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण पडला तेव्हा पोटात ही दोन्ही होती, असं एवारिस्तो ठासून सांगतात. इतकं बोलून त्यांनी मला स्वतःचा मिक्सर आणून दिला. बंदरावरच्या खाणावळीतून घेतलेला, बादलीएवढा. मनाई करायची आणि हत्यारही पुरवायचं, अशा सल्लागारांचा आमच्या गल्लीला तोटा नाही. आता त्या बादलीत एका लिटरने पात्यालाही ओल लागेना, म्हणून मी ओर्लांदिनाकडे तीन लिटर मागितला.

"तीन?" ती म्हणाली. "पाहुणे किती आलेत?"

"एकच. सून."

"फार खाते का?"

"वजन करून खाते," मी म्हणालो. माझ्या सगळ्या उत्तरांत तेवढं एक खरं होतं.

तो रात्रभर गोठवला आणि सकाळी केळी, पाक, मध, भुकटी सगळं घालून वाडगा तयार झाला. विवियान खूश. तेवढ्यात झासीरा हळूच म्हणाली, "आता हाही ठेव की काट्यावर."

विवियान प्रामाणिक मुलगी. तिने ठेवला. फोनमध्ये एकेक जिन्नस टाकला आणि उष्मांकांच्या आलेल्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिली. माझ्या मासा-कण्यांच्या जेवणाला त्या वाडग्याने सहज मागे टाकलं होतं, साखरेत तर विचारूच नका.

"याची ऊर्जा वेगळी असते," ती म्हणाली.

"कशी?" झासीराने विचारलं.

"ही वापरली जाते."

त्या दिवसापासून झासीरा केकचा दुसरा तुकडा घेताना तेच म्हणते.

आता एक कबुली देतो. मला ते आवडलं. सांगायला लाज वाटते, पण गोठलेला, गोड, दाताखाली कुरकुरणारा तो प्रकार मी चाटूनपुसून खाल्ला आणि दुसरा वाडगा भरून घेतला. माणूस बिघडतो तो असा, स्वतःच्या स्वयंपाकघरात, बायकोच्या देखत.

मी दुसऱ्या वाडग्यात असताना विवियानने कालपासून जांभळं राहिलेलं छत आणि फरशी पुसली. अशा कामात ती मागेपुढे पाहत नाही. पुसायला तिने स्वतःचा समुद्रावरचा मोठा टॉवेल घेतला, धुतला, आणि मागच्या दोरीवर झासीराच्या चादरी होत्या म्हणून पुढच्या फाटकावर वाळत घातला. टॉवेल लाल होता.

बेलेममध्ये, आसाईच्या हंगामात, सकाळी दहा वाजता कोणी फाटकावर लाल कापड घालत नाही. लाल म्हणजे इथे आसाई मिळतो. आमच्याकडे बायका लाल परकरसुद्धा मागच्या अंगणात वाळवतात. साओ पाउलोच्या मुलीला हे कसं कळणार? मला कळायला हवं होतं. पण मी त्या वेळी वाडगा खरवडत होतो, आणि एवारिस्तोंचा मिक्सर आसाईच्या यंत्रासारखाच गर्जत होता.

साडेदहाला बाहेर नऊ माणसं उभी होती, भांडी घेऊन. सगळ्यात पुढे एक जाडजूड बाई होती.

"दाट आहे की मध्यम?" तिने विचारलं.

"इथे आसाई विकत नाहीत," मी म्हणालो.

"मग फडकं कशाला लावलंय?"

"तो टॉवेल आहे."

"आणि आत यंत्र चालू आहे ते?"

"मिक्सर आहे."

"आणि तुमचे ओठ?"

माझे ओठ जांभळे होते. हात कोपरापर्यंत जांभळे होते. "ठरावीक गिऱ्हाइकांसाठी ठेवलाय, असं सरळ सांगा ना," ती म्हणाली, आणि मागची रांग कुरकुरू लागली.

इतक्यात विवियान बाहेर आली. दारात नऊ शेजारी, प्रत्येकाच्या हातात भांडं. तिला वाटलं, नव्या सुनेला पाहायला लोक आलेत. तिचे डोळे भरून आले. "किती प्रेमळ माणसं आहेत," असं म्हणत ती मिक्सरचं भांडं घेऊनच बाहेर आली आणि एकेकाच्या पातेल्यात डावाने वाढू लागली. मी तिला थांबवायला हवं होतं. पण तिचा चेहरा पाहून माझ्याने ते झालं नाही, आणि आजही होणार नाही.

जाड्या बाईने पातेल्यात पाहिलं. "पोरी, यात केळं पडलंय."

"पडलं नाही, घातलंय," विवियान आनंदाने म्हणाली.

बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. रांगेतून बातमी मागे सरकत गेली, आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत पोचायला जेमतेम पाच मिनिटं लागली असतील.

त्या पाच मिनिटांत आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. हंगामात ते दुकानं तपासत फिरतात, आणि फिरावंच, कारण फळं गरम पाण्यातून नीट काढली नाहीत तर आसाई बाधतो. माणूस सभ्य होता. "फडकं दिसलं म्हणून थांबलो," तो म्हणाला. "परवाना?"

"तो टॉवेल आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी त्या दिवशी इतक्या वेळा बोललो की मलाच ते खोटं वाटू लागलं.

"टॉवेलला माझ्याकडे रकाना नाही. फळं गरम पाण्यात बुडवायची टाकी कुठे आहे? डोक्याला जाळी? पाण्याचा तपासणी दाखला?"

"अहो, दुकानच नाही."

"मग ते बंद करायला हवं," तो समजुतीने म्हणाला. "पण नोंद नसलेलं दुकान मला बंद करता येत नाही. आधी नोंद करू." आणि त्याने तिथेच, माझ्याच ओट्यावर बसून, माझ्या नावे दुकान नोंदवलं. मालाचं स्वरूप या रकान्यात त्याने लिहिलं: आसाई, केळ्यासह. मग मला क्रमांक दिला आणि हात मिळवला. दुकान बंद करण्यासाठी आठ दिवसांत एक पत्र हवं होतं. जवळच्या परवानाधारक आसाई विक्रेत्याने लिहून द्यायचं की हे गृहस्थ या धंद्यात नाहीत, आणि त्याखालची सही नोंदणी कार्यालयातून खरी करून आणायची.

सगळ्यात जवळची परवानाधारक ओर्लांदिना होती.

दुसऱ्या दिवशी अकराला मी गेलो. लाल फडकं फडफडत होतं, यंत्र चालू होतं.

"संपला," ओर्लांदिना माझ्याकडे न बघता म्हणाली.

तिच्या मागे पाच भरलेल्या पिशव्या होत्या. "आणि त्या?"

"त्या गिऱ्हाइकांच्या आहेत. तुम्ही आता धंदेवाले. माझ्याकडून तीन लिटर नेता, केळं घालता आणि माझ्याच गल्लीत वाटता. फुकट, वर."

पत्राचं नाव काढायची हिंमत झाली नाही. तीन दिवस मी आसाईशिवाय जेवलो. भात, मासा आणि समोर रिकामा वाडगा. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "केळंवाले तुम्हीच का?" मग मी एवारिस्तोंना पाठवलं. त्यांनी छाती काढून ओर्लांदिनाकडे एक लिटर दाट मागितला.

"एवारिस्तो," ती म्हणाली, "तुम्ही अठरा वर्षं अर्धा लिटर मध्यम नेता. हा दाट कोणाला?"

चाळीस वर्षं नदीवरच्या वादळांना तोंड दिलेल्या त्या माणसाने एका दमात सगळं सांगून टाकलं. टॉवेल, मिक्सर, निरीक्षक, पत्र, आणि कोणी विचारलं नसताना, मी दुसरा वाडगा मागून घेतला होता हेसुद्धा. "ती डोळ्यांत बघते हो," परत आल्यावर एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी झासीराने विवियानला लाल कापडाचा अर्थ सांगितला. "म्हणजे ते मला बघायला आले नव्हते," ती म्हणाली. मग माझ्या रिकाम्या वाडग्याकडे पाहून म्हणाली, "आणि माझ्यामुळे तुमचं जेवण गेलं." मी म्हणालो, छे, मी तसाही वजन कमी करणार होतो. तिने काटा उचलून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "चला."

भर रांगेत ती ओर्लांदिनापुढे उभी राहिली. "टॉवेल माझा, केळं माझं. यांनी फक्त खाल्लं."

"तेच तर," ओर्लांदिना म्हणाली. तिने मुलीला आपादमस्तक न्याहाळलं. "बस."

विवियानपुढे वाडगा आला, कण्या आल्या, तळलेला मासा आला. साखर आली नाही. पहिल्या घोटाला विवियानचा चेहरा दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा झाला. आख्खी रांग खोळंबून बघत होती. तिने कण्या टाकल्या, माशाचा तुकडा मोडला, पुन्हा घोट घेतला. दुसरा वाडगा तिने स्वतः पुढे केला. तो संपेपर्यंत तिचे डोळे मिटायला लागले, तशी ओर्लांदिनाने तिला यंत्रामागे टांगलेल्या झोळीत नेऊन झोपवलं. दुपारचा पाऊस येऊन गेला तरी ती उठली नाही.

मी गुडघ्यांवर कोरा कागद ठेवून बसलो होतो. "मुलगी चांगली आहे," ओर्लांदिना म्हणाली. "आणा तो कागद." आणि तिने आपल्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं:

"श्री. वाल्देमीर लामेइरा यांना मी बावीस वर्षं ओळखते. त्यांना आसाईतलं काहीही कळत नाही. दाट कोणता आणि पातळ कोणता हेही त्यांना सांगता येणार नाही. असा माणूस या धंद्यात असणं शक्य नाही."

"थोडं सौम्य करता येईल का?" मी विचारलं.

"खोटं लिहू?"

"अहो, बावीस वर्षं तुम्ही माझ्यासाठी दाट ठेवलात."

"तेव्हा मला वाटायचं तुम्हाला कळतं," ती म्हणाली. हे मात्र मला लागलं. निरीक्षक बोलला, रांग बोलली, ते अंगावरून गेलं होतं. हे गेलं नाही.

कार्यालयात स्वतःसंबंधीच्या कागदावर स्वतः शिक्का मारता येत नाही. नियम मला तोंडपाठ आहे, मीच तो नव्या लोकांना शिकवतो. म्हणून कागद शेजारच्या टेबलावरच्या ग्रासिएतेकडे गेला. सही खरी करायला मजकूर वाचावा लागत नाही, फक्त सही ताडून पाहायची असते. ग्रासिएतेने तो वाचला. आधी मनात, मग मोठ्याने, मग साहेब बाहेर आले म्हणून पुन्हा पहिल्यापासून. "सही खरी आहे," ती शिक्का मारत म्हणाली. "बाकीचं तपासायचा आपल्याला अधिकार नाही." निरीक्षकाने पत्र समाधानाने घेतलं, दुकान बंद केलं, आणि जनतेच्या माहितीसाठी एक प्रत तीस दिवस फाटकावर लावायला सांगितली. माणसं थांबून वाचत. काहींनी फोटो काढले.

पण दुकान बंद झालं होतं, आणि मी पुन्हा साधा गिऱ्हाईक झालो होतो. दुसऱ्या दिवशी, विवियानच्या शेवटच्या दिवशी, अकराला मी ओर्लांदिनाच्या दारात पोचलो. तिने मला पाहून हसून मान हलवली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तिने दोन पिशव्या पुढे ठेवल्या.

"ही सूनबाईंची," ती म्हणाली. ती पिशवी मी ओळखली. रात्रीसारखी काळी, जड. "आणि ही तुमची."

माझी पिशवी मी उजेडात धरली. तिच्यातून मला पलीकडची रांग दिसत होती.

"ओर्लांदिना," मी हळू आवाजात म्हणालो, "हा पातळ आहे."

यंत्र थांबलं. रांग माझ्याकडे वळली. पाद्रीबाबाही होते.

"असं?" ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला दाट-पातळ कळतं. मग मी सरकारला खोटं लिहून दिलं, आणि तुमच्या कार्यालयाने त्यावर शिक्का मारला. तुम्ही नोंदणीतले. तुम्हीच सांगा, आता कोणाकडे जायचं?"

मी पिशवी पुन्हा उजेडात धरली. तिच्यातून रांगेतल्या त्याच जाड्या बाईचा अख्खा चेहरा दिसत होता, भुवयांसकट.

"दाट आहे," मी म्हणालो. "चांगला दाट आहे."